तळहातावरचे दही

टेपाची वाडी, तालुका वेल्हे
दि. १८ ऑगस्ट २०२४

मी, रायबा बाबू ढेबे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी पास, धंदा शेरडे व म्हशी पाळणे, पूर्वी या गावचा पोलीस पाटील, राहणार वरीलप्रमाणे, माझी नात चि. प्रगती रोहिदास ढेबे हिस आशीर्वादपूर्वक लिहितो की,

तुझ्या वडिलांनी नसरापुराहून दुधाच्या टेम्पोबरोबर पाठविलेला निरोप मिळाला. पदवी झाल्यानंतरच्या शिक्षणासाठी तुला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात प्रवेश मिळाला, हे कळून समाधान वाटले. ज्या गुरुजनांनी तुला येथवर आणले त्यांचे मी उपकार मानतो. हे माझ्या वतीने त्यांना समक्ष सांगावे. वाडीत मोबाईलला रेंज नाही, आणि असती तरी अशा गोष्टी फोनवर ओरडून सांगण्याच्या नव्हेत.

आता मुद्द्याचे. देवळापुढे लोक विचारतात की पोरगी नेमके काय शिकते. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांची साहाय्यक होणार, एवढे मी सांगितले. त्यावर धनाजी मरगळे सर्वांसमक्ष म्हणाला, "म्हंजी मान्साला झोपवायला शिकती व्हय? त्याला येवढं शिकाया कशाला जायाचं? आमचा बंडू शाळंत जाऊन फुकाट झोपतो." लोक हसले. मला अजमासाने उत्तर देण्याची सवय नाही. तरी तुझे काम काय, डॉक्टरांचे काय, हे नीट लिहून कळवावे.

घरची हकीकत: पाऊस भरपूर आहे. दोन शेळ्या व्याल्या. तुझी आजी बरी आहे. मात्र पाण्याला मोठा हंडा न नेता कळशी नेते. धारेला उकिडवे बसत नाही, म्हणून म्हशीची धार मला काढावी लागते. भोंगवलीस तिच्या बहिणीच्या घरी लग्न होते, तेथेही एस.टी.त बसावे लागेल म्हणून गेली नाही. आळस तिच्या अंगी कधी नव्हता, तेव्हा हे वयोमानाने होत असावे, असे माझे मत आहे.

हे लिहिताना हजर: गेनबा कोकरे, धनाजी मरगळे.
सही, रायबा बाबू ढेबे


पुणे
१ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांना प्रगतीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वसतिगृहाच्या बाईंनी माझ्या हातात देताना विचारलं, "काय गं, कोर्टाची भानगड आहे का?" मी म्हटलं, नाही, आमच्या आबांची माया आहे.

धनाजीनानांना सांगा, झोपवणं सगळ्यात सोपं. झोपलेल्याचा श्वास चालू ठेवायचा आणि वेळेवर उठवायचं, त्यासाठी हा सगळा अभ्यास. भूल देतात ते भूलतज्ज्ञ डॉक्टर. मी त्यांच्या हाताशी असते. सकाळी पहिला पेशंट यायच्या आत भुलीचं यंत्र तपासायचं, ऑक्सिजन कुठं गळत नाही ना ते बघायचं, घशात नळी घालताना लागतो तो दिवा पेटतो का बघायचं, इंजेक्शनं भरून प्रत्येकावर नावाची पट्टी चिकटवायची. मग पेशंटशी बोलायचं. ऑपरेशन सुरू झालं की सर्जन जखमेकडं बघतात आणि आम्ही तोंडाकडं, छातीकडं, मॉनिटरकडं. त्या माणसाला स्वतःसाठी काहीच करता येत नसतं. तेवढा वेळ त्याच्या वतीनं आम्ही जागं राहायचं. बीएस्सीला हे कसं करायचं ते शिकले, आता का करायचं ते शिकतेय. तुमचे उपकाराचे शब्द आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, "आजोबांना म्हणावं, पोचले."

आता एक सांगते, रागवू नका. आजीविषयी तुम्ही लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मोठा हंडा नाही, उकिडवं बसणं नाही, एसटीत बसणं नाही. आबा, हे वय नाही. बायकांची ऑपरेशनं असतात त्या दिवशी आमच्याकडं अशा कितीतरी आज्या येतात, आपल्यासारख्या डोंगरातल्या, आणि त्यांनी घरात कुणाला काही सांगितलेलं नसतं. माझा अंदाज चुकला तर बरंच, म्हणून मी नाव घेत नाही.

तुम्ही एक करा. गेनबाबाबांना घरी पाठवा आणि आजीला एकटीला समोर बसवा. "बरी आहेस ना" असं विचारू नका, ती "व्हय" म्हणेल आणि उठून जाईल. काय काय जमत नाही आणि कधीपासून जमत नाही, असं विचारा. ती सांगेल तसं लिहा, तुमच्या भाषेत नको, तिच्या. तुम्ही गावात लोकांचे जबाब घ्यायचात, तसा आजीचा घ्या.

तुमची प्रगती


टेपाची वाडी
दि. १५ सप्टेंबर २०२४

मी, रायबा बाबू ढेबे, वय व राहणार पूर्वीप्रमाणे, चि. प्रगती हिस कळवितो की, तुझ्या सूचनेवरून जबाब घेतला. तो खाली सांगितल्याबरहुकूम लिहिला आहे.

"माजं नाव सखूबाई रायबा ढेबे. वय म्हाईत न्हाई. पानशेतचं धरण फुटलं तवा म्या शेरडामागं जात व्हते. हे इचारत्यात म्हून सांगते, न्हाईतर सांगनार न्हवते.

रोहिदासाच्या पाठची पोरगी झाली, ती जगली न्हाई, तवापासनं माजं अंग खाली उतरतंय. आदी थोडं व्हतं. हातानं आत सारलं की दिवस निगायचा. आता सारलं तरी ऱ्हात न्हाई. हंडा उचलला की येतं, उकिडवं बसलं की येतं. एस्टीत धक्का बसला की जीव जातो. लुगडं घासून जखम व्हती. शेजारच्या सगुणाबाईला म्हाईत हाय, तिचंबी तसंच हाय. दोगी मिळून झऱ्यावर जातो आन वाटंत बसतो, लोकास्नी वाटतं गप्पा हानत्यात.

ह्यास्नी सांगितलं न्हाई. का, तर हे सरकारी मानूस, समद्याचं लिवून ठेवत्यात. आन बगा, लिवत्यातच.

लिवा की. थांबलात कशापायी?

दवाखान्याचं म्हनाल तर मला भ्या वाटतं. भूल दिली की मानूस कुटं जातं, कुनाला म्हाईत? परत आलं न्हाई तर शेरडं कोन बगंल? ह्यास्नी तर कुटली कुनाची तेबी वळकाया येत न्हाई. पर प्रगती म्हनंल तर म्या यीन. येकदाच यीन."

वरील मजकूर वाचून दाखविला. बरोबर असल्याचे सांगून तिने डाव्या अंगठ्याची निशाणी केली.

जबाब घेणारा मध्ये थांबला होता, हे खरे आहे. जबाबाखाली लिहिणाराने स्वतःचे मत लिहिण्याचा प्रघात नाही. तरी एवढे लिहितो की, हा प्रश्न तू लिहून पाठविला नसतास, तर मी तो विचारला नसता. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. रोहिदासला टेम्पो घेऊन बोलाविले आहे. पुढे काय करावे ते कळव.

समक्ष: कोणी नाही. विषय पाहता पंच ठेवणे उचित नव्हते.
सही, रायबा बाबू ढेबे


पुणे
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

दसऱ्यानंतर तुम्ही आजीला तपासणीला आणलंत, तेव्हा बाहेरच्या बाकावर एवढे ताठ बसला होता की शिपाईमामांनी मला विचारलं, "कोण साहेब आलेत?"

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, बाबांना फोनवर सांगितलीय. पिशवी काढतील आणि सैल झालेलं वर बांधून घेतील. आजीला सांगा, पूर्ण झोपवणार नाहीत. पाठीत, कमरेपाशी, बारीक सुई देतात. पोटाखालचं अंग तेवढं बधिर होतं. आजी जागी असेल, बोलेल, ऐकेल. कुठं जायचं नाही आणि परत यायचं नाही.

आता नीट वाचा. आदल्या रात्री जेवण झालं की सकाळी काही द्यायचं नाही. चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही, मिश्री नाही. गोळी द्यायची ती सिस्टर देतील, पाणीही त्याच देतील. लोक मायेनं देतात आणि मग विचारलं की लपवतात. तुमच्याकडं मी हे काम सोपवते, म्हणजे मला काळजी नाही.

आणखी एक. त्या दिवशी मी आत नसणार. आपल्या माणसाच्या ऑपरेशनला हात लावायचा नाही, असं मॅडमचं सांगणं आहे. मी तुमच्याजवळ बाहेर बसेन. मॅडमच्या हाताशी शेफाली असेल, माझ्याच वर्गातली. तुम्हाला ती लहान वाटेल. शांत आहे, कमी बोलते, पण ऐकते फार. आजीला तिच्या हवाली करायला मला भीती वाटत नाही.

तुमची प्रगती


टेपाची वाडी
दि. २० डिसेंबर २०२४

मी, रायबा बाबू ढेबे, वय व राहणार पूर्वीप्रमाणे, चि. प्रगती हिस कळवितो की,

त्या दिवशी तू रडत होतीस म्हणून मी तेथे काही बोललो नाही. आता माझी तक्रार नोंदवून ठेवावी.

तुझ्या पत्राबरहुकूम तुझ्या आजीस रात्रीच्या जेवणानंतर अन्नाचा कण दिला नाही. सकाळी शेजारच्या खाटेवरील बाईने तिला चहा देऊ केला. तो मी परत केला व त्या बाईसही दोन शब्द सुनावले. ऑपरेशनच्या दालनाबाहेर कुमारी शेफाली हिने मला विचारले, "आजोबा, आजींनी काही खाल्लंय का?" मी म्हणालो, "नाही. हवे तर लिहून देतो." मी कोर्टात साक्षी दिल्या आहेत. माझ्या शब्दावर कोणा वकिलाने बोट ठेवलेले नाही. या मुलीने मान हलविली, आत गेली, आणि तीच गोष्ट तुझ्या आजीस फिरवून विचारली. मग डॉक्टर मॅडम बाहेर आल्या आणि आज ऑपरेशन होणार नाही, असे म्हणाल्या. कारण काय, तर दही.

दही हे त्या ठिकाणी अन्न नव्हे. मोठ्या कामास निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवावे, हा शकुन आहे. आपल्या म्हशीच्या दुधाचे विरजण लावून, डब्याला ओले फडके बांधून, ते मी पुण्यापर्यंत मांडीवर नेले. रात्र वॉर्डात काढल्याने वॉर्डाचे दार हाच आपला उंबरठा, असे धरून तिला दवाखान्याच्या ढकलगाडीवर घेण्यापूर्वी हातावर ठेवले. डब्यात उरले तेही दिले, कारण शकुनाचे उरवू नये. यात मी काय खोटे बोललो?

परतताना तुझी आजी नसरापूर येईपर्यंत टेम्पोत पाठ फिरवून बसली. रोहिदास म्हणाला, "आबा, तेवढं दही नसतं दिलं तर..." त्यास मी गप्प बसविले. घरी आल्यावर ती म्हणाली, "येकदाच यीन म्हनले व्हते, येकदा आले. देवाच्या मनात न्हाई." आता ती पुन्हा निघावयास तयार नाही. परवा मोठा हंडा घेऊन झऱ्यावर गेली आणि वाटेत बसली. गेनबाने पाहिले. मी तिला उचलून आणले.

त्या मुलीने माझा शब्द घेतला असता, तर आज हे झाले नसते.

हजर: गेनबा कोकरे.
सही, रायबा बाबू ढेबे


पुणे
२९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

आबा, तुम्ही खोटं बोलला नाहीत. विचारलं त्याचं तुम्ही तुमच्या समजुतीनं खरं उत्तर दिलंत. शेफालीनं आत गेल्यावर आजीला एवढंच विचारलं, "आजी, उठल्यापासून काय काय केलंत, सांगा बरं." आजी सांगत गेली. तोंड धुतलं, लुगडं बदललं, खिडकीतनं दिसला तेवढा सूर्व्या बघितला, ह्यांनी दही दिलं, मग पोरांनी गाडीवर निजवलं. आजीलाही ते खाणं वाटलं नव्हतं. शेफालीलाही हा दह्याचा शकुन ठाऊक नव्हता. तिनं नुसतं मधे न बोलता ऐकलं.

पोटात काही असलं आणि भुलीत उलटी झाली, तर ते श्वासाच्या नळीत उतरतं. शुद्धीवरचा माणूस खोकून टाकतो, भुलीतल्याला खोकता येत नाही. कमरेच्या सुईनं काम भागलं नाही, तर आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून पोट रिकामंच हवं. शकुनाचं दही छातीत गेलं तरी दहीच असतं. मी असा एक पेशंट पाहिलाय. तो वाचला, पण फार दिवस मशीनवर होता.

आता माझं ऐका. बारावीच्या पहिल्या पेपरला आणि बीएस्सीच्या प्रवेशाला निघताना तुम्ही माझ्या हातावर दही ठेवलं होतंत. तरी तुम्हाला लिहिताना मी चहा लिहिला, मिश्री लिहिली, बिस्कीट लिहिलं, आणि दही लिहिलं नाही. मला सुचलंच नाही. त्या दिवशी शेफालीच्या जागी मी असते, तर तुम्ही "नाही" म्हणताच मी आजीला पुढं नेलं असतं. आबांचा शब्द, मग आणखी काय विचारायचं? आपल्या माणसाला का आत घेत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, हात थरथरेल म्हणून. तसं नाही. आपण आपल्या माणसाला विचारत नाही, म्हणून.

मी रडत होते ते ऑपरेशन रद्द झालं म्हणून नाही. झालं असतं तर, या विचारानं.

मॅडमनी जानेवारीच्या शेवटची तारीख दिली आहे. आजी नाही म्हणाली तर मी काही करू शकत नाही, तिच्यावर जबरदस्ती करू नका. फक्त हे पत्र तिला वाचून दाखवा. काही गाळू नका.

तुमची प्रगती


टेपाची वाडी
दि. ८ जानेवारी २०२५

मी, रायबा बाबू ढेबे, वय व राहणार पूर्वीप्रमाणे, चि. प्रगती हिस लिहितो की,

तुझे पत्र तुझ्या आजीस वाचून दाखविले. काही गाळले नाही. ती शेळीचे करडू मांडीवर घेऊन ऐकत होती. तुझ्या मशीनवरच्या पेशंटचे वाक्य झाल्यावर मी थांबलो. ती म्हणाली, "म्होरं."

संपल्यावर तिने विचारले, "म्हंजी त्या पोरीनं इचारलं नसतं तर म्या मेले असते?"

मी म्हणालो, "तसे निश्चित सांगता येत नाही. परंतु संभव होता."

"आन तुमी दिलेल्या दह्यानं."

मी म्हणालो, "होय."

ती करडाच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग जे म्हणाली ते शब्दशः देतो. "येवढ्या गर्दीत, येवढ्या घाईत, त्या पोरीनं माज्यापाशी बसून सकाळपासनं काय केलं ते समदं ऐकलं. माजा संसार झाला, नातवंडं झाली, पर 'उटल्यापासनं काय केलंस' म्हून मला कुनी इचारलं न्हवतं. तुमीबी न्हाई. त्या पोरीच्या हातात जायाला मला भ्या न्हाई. रोहिदासाला सांगा, टेम्पो आन."

सबब माझी दि. २० डिसेंबरची तक्रार मी मागे घेतो. ती कोणास वाचून दाखविली असल्यास, हे पत्रही त्यांस वाचून दाखवावे.

एका गोष्टीची परवानगी विचारतो. या खेपेस तळहातावर काही ठेवणार नाही. परंतु निघताना कपाळास भंडारा लावलेला चालेल काय? तो खाण्याचा नसतो. तरी या वेळी मी माझ्या समजुतीवर विसंबत नाही. शेफालीस विचारून कळवावे.

हजर: सखूबाई रायबा ढेबे, गेनबा कोकरे.
सही, रायबा बाबू ढेबे


टेपाची वाडी
दि. ४ मे २०२५

मी, रायबा बाबू ढेबे, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी पास, माजी पोलीस पाटील, धंदा शेरडे व म्हशी पाळणे आणि सध्या पाणी भरणे, राहणार टेपाची वाडी, चि. शेफाली हिस अनेक आशीर्वादपूर्वक लिहितो की,

तू मला ओळखतेस. तुझी-माझी दोनदा गाठ पडली. पहिल्या वेळी ताठ्याने बोललो आणि दुसऱ्या वेळी, ऑपरेशन झाल्यावर, नुसते हात जोडून निघालो. म्हणून हे पत्र. प्रगतीकडे ते देतो, ती तुला पोचते करील.

ऑपरेशनच्या दिवशी तू बाहेर येऊन मला काही न विचारता आत गेलीस. नंतर प्रगतीने सांगितले की तू सर्व काही सखूबाईस विचारलेस, आणि शेवटी माझ्याकडे निरोप पाठविलास की भंडारा छान दिसतो. त्या निरोपाने माझा दिवस निघाला.

आत काय घडले ते मी पाहिले नाही. सखूबाईने सांगितले ते ऐकीव म्हणून नोंदवितो. तिला पुढे वाकवून बसविले, तेव्हा तू समोर उभी राहिलीस आणि तिचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून घेतलेस. ती म्हणते, "पाय मोडलेल्या शेरडाला म्या जशी धरते, तशी धरली मला. सुई कवा गेली कळलं न्हाई." पुढे आडवी केल्यावर तू तिला शेरडांची नावे विचारीत राहिलीस. मोरी, कपिली, टिकली अशी एकेक नावे ती सांगत गेली. मध्येच तिला गरगरले आणि ती गप्प झाली. तू मॅडमना लगेच म्हणालीस, "आजी बोलायच्या थांबल्या." मॅडमनी औषध दिले आणि थोड्या वेळाने राहिलेली नावे तिने पुरी केली. प्रगती म्हणते, यंत्राने रक्तदाब मोजण्याआधीच तू ते ओळखलेस. मला यंत्राचे कळत नाही. परंतु आमच्या माणसाची शांतता कोणी ऐकली, हे कळते.

या उपकाराची फेड आमच्याने व्हावयाची नाही, आणि फेड करण्याचा विचारही मी सोडला आहे. डिसेंबरात माझा शब्द न मानल्याबद्दल मी तुझा आभारी आहे. जानेवारीत तिचा शब्द ऐकल्याबद्दल आभारी आहे. प्रगती तुझ्याबरोबर शिकते, याबद्दलही.

सगुणाबाई म्हणून आमच्या शेजारीण आहेत. त्यांनाही तोच त्रास आहे. सखूबाईने त्यांच्याशी बोलून त्यांना तयार केले असून, त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचे काम मजकडे दिले होते. ते मी केले. पुढील महिन्यात रोहिदास त्यांस तपासणीस आणील. त्यांना दह्याबाबत येथूनच समज दिली आहे.

आता हे पत्र लिहिण्याचे तात्कालिक कारण.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून सखूबाईने काही महिने ओझे उचलावयाचे नाही. त्यामुळे झऱ्याचे पाणी मी आणतो. खांद्यावरून आणले तर निम्मे सांडते, म्हणून काल प्रथमच डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा घेतला. सखूबाई वाटेच्या दगडावर बसून शेरडे राखीत होती. झऱ्यावरून सगुणाबाई ओरडल्या, "पाटील, मान सरळ ठेवा! पंचनाम्याला निघाल्यागत चालू नगा!" मी मान सरळ केली. चुंबळ मागे सरली, हंडा माझ्या पाठीवर कलंडला, सर्व पाणी सदऱ्यातून धोतरात उतरले आणि टोपी वाहत जाऊन टिकली शेळीच्या पायाशी थांबली. शेळीने ती उचलली व खाऊ लागली.

तेव्हा सखूबाई हसली. हळू नव्हे, पदर तोंडाशी धरून नव्हे. मान मागे टाकून, पोटावर हात न दाबता, सबंध अंगाने हसली. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. मी भिजलेला तसाच उभा राहून ऐकत राहिलो. हा आवाज मी पूर्वी ऐकला असला पाहिजे, लग्नानंतरच्या वर्षांत. तो केव्हा बंद झाला, हे मला आठवत नाही. बंद झाल्याचे माझ्या लक्षात आले नव्हते.

मी तिला विचारले, "दुखत नाही ना?"

ती म्हणाली, "न्हाई. परत पाडा हंडा."

हे घडल्याचे तुला कळावे, कारण यात तुझा हात आहे. मजकूर सर्वांस वाचून दाखविला. बरोबर असल्याचे सर्वांनी सांगितले. टोपीबाबत गेनबाचे म्हणणे आहे की ती शेळीने पुरती खाल्ली नाही, ते खरे आहे.

हसण्याच्या वेळी समक्ष हजर असलेले साक्षीदार:
सगुणाबाई मरगळे, झऱ्यावर
गेनबा कोकरे, बांधावर
रायबा बाबू ढेबे, भिजलेला
आणि सखूबाई रायबा ढेबे, स्वतः